शिंदीची चव
जपानी रसिक साके या तांदळाच्या मद्याची चव ‘गोड’ आणि ‘तिखट’ या दोन टोकांमध्ये तोलतात. आमच्या बिदर-कलबुर्गीकडील शिंदी एकाच दिवसात सारी टोके गाठते : पहाटे मधुर, दुपारी आंबूस, सायंकाळी उग्र. तांदळातील पिठाची साखर बुरशीकडून करवून घ्यावी लागते. शिंदीच्या रसात ती आयतीच असते, म्हणून आंबण्याची ही घाई! या रसावरील अबकारी उत्पन्नाने निजामाच्या खजिन्यात मोठी भर पडे. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. ते योग्यच झाले, असे मी मानतो. मात्र सरकारी महसुलाबरोबर झाडावर चढून रस काढणाऱ्या गरिबाची भाकरीही त्या कुऱ्हाडीखाली आली.