रेडिओने पेटी नाकारली तेव्हा

१/ संगणकावर संगीत रचणाऱ्यांसाठी आज वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांचे संग्रह तयार होतात. त्यांत कोणते वाद्य घ्यावे, कोणते गाळावे? असाच प्रश्न एकदा ऑल इंडिया रेडिओपुढे होता. त्याचे उत्तर तीन दशके टिकले.

२/ १ मार्च १९४० पासून रेडिओने हार्मोनियम, म्हणजेच पेटी, वर्ज्य केली. रेडिओचे पाश्चात्त्य संगीत प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच तिच्याविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता.

३/ आक्षेप पोकळ नव्हता. पेटीचे स्वर पट्ट्यांशी बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड तिच्यातून निघत नाही. सप्तकाच्या बारा पट्ट्यांत सूक्ष्म श्रुतींना जागा नाही. सारंगीला हे दोन्ही साधते.

४/ परंतु महाराष्ट्रात पेटी तोवर रुजली होती. संगीत नाटकांतून ती घरोघरी पोहोचली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला.

५/ हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या काळात, तेराव्या शतकात, पेटी नव्हतीच. तरीही त्यांचे अभंग गाणाऱ्या भजनी मंडळांत टाळ-मृदंगाशेजारी ती आज हक्काने बसते.

६/ १९७१ मध्ये ही बंदी अटींसह शिथिल झाली. निवड करणाऱ्यांनी स्वरांची शुद्धता तोलली. पेटीवर पोट असलेल्या वादकांचा विचार मागे पडला. देवळांनी आणि रंगभूमीने सांभाळले म्हणून पेटी तरली. ज्या वाद्याला असा आसरा नसतो, त्याला यादीतून वगळणे म्हणजे पुढील पिढीच्या कानांतूनच वगळणे.