बियाणे परीक्षण व नमुन्याचे आकारमान
बियाणे परीक्षण व नमुन्याचे आकारमान : उत्पादनप्रक्रियेतून निघालेल्या मालात निकामी नगांचे प्रमाण किती आहे, हे सर्व माल न तपासता त्यातील थोड्या नगांवरून ठरविण्याच्या पद्धतीस नमुना-परीक्षण म्हणतात. तपासताना नगच नष्ट होत असेल, तर या पद्धतीस पर्याय नसतो. बी हे याचे ठळक उदाहरण होय. उगवून पाहिलेले बी पुन्हा विकता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यासारख्या, मुख्यतः पावसावर विसंबणाऱ्या कापूस-प्रदेशात या परीक्षणाला विशेष महत्त्व आहे. बी न उगवल्यास दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो आणि हंगामाचे मोलाचे दिवस वाया जातात.

इतिहास : फ्रीड्रिख नोबे या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६९ मध्ये थारांट येथे पहिली बियाणे परीक्षण प्रयोगशाळा स्थापन केली. भेसळयुक्त बियाण्याच्या व्यापाराला आळा घालणे हा तिचा हेतू होता. परीक्षणपद्धतींत एकवाक्यता आणण्यासाठी १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बियाणे परीक्षण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी कारखान्यातील गुणनियंत्रणासाठी नियंत्रण-आलेख मांडला, तर हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी १९२९ मध्ये नमुना-तपासणीची गणिती पद्धती प्रसिद्ध केली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. कृषिक्षेत्रात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांचा सांख्यिकीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ (१९५४) कृषिसंशोधकांना मार्गदर्शक ठरला.

विदर्भातील शेतकरी पूर्वी जिनातून मिळालेली सरकी शेणमातीत चोळून पेरीत असत. जिनांत निरनिराळ्या जातींची सरकी मिसळत असल्याने शुद्ध बियाणे मिळणे कठीण असे. १९७० मध्ये सुरत येथे चं. ठा. पटेल यांनी विकसित केलेला एच-४ हा संकरित कापूस प्रसृत झाला. संकरित पिकाची सरकी पुढील पेरणीस उपयुक्त नसल्याने बी दरवर्षी विकत घेणे भाग पडू लागले. बियाण्याची पारख त्यामुळे घरच्या अनुभवाऐवजी पिशवीवरील लेबलावर आणि त्यामागील प्रयोगशाळेच्या चाचणीवर अवलंबून राहिली.

आकारमानाची निवड : प्रमाणित पद्धतीनुसार उगवणशक्तीसाठी प्रत्येकी १०० बियांचे चार गट, म्हणजे एकूण ४०० बिया तपासतात. कापसाची अंतिम मोजणी बाराव्या दिवशी होते. कापसासाठी किमान उगवणीची मर्यादा दीर्घकाळ ६५% धरली जात असे. या मर्यादेच्या आधारे नमुन्याच्या आकारमानाचा परिणाम स्पष्ट करता येतो. एखाद्या लॉटची खरी उगवण ६०% असताना केवळ १०० बिया तपासल्या, तर तो योगायोगाने उत्तीर्ण होण्याची शक्यता सु. १८% असते, ४०० बिया घेतल्यास ती सु. २% वर येते. ही ग्राहकाची जोखीम होय. याउलट ७०% उगवणीचा चांगला लॉट नापास होण्याची शक्यता १०० बियांत सु. १२%, तर ४०० बियांत सु. १% असते. ही उत्पादकाची जोखीम होय.

लॉट मोठा असेल तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा, हा समज बरोबर नाही. अचूकता मुख्यतः तपासलेल्या बियांच्या संख्येवर अवलंबून असते. चूक निम्म्यावर आणण्यासाठी नमुना चौपट करावा लागतो. दोष विरळ असेल, तर नमुना आणखी वाढतो. दोषप्रमाण १% हून कमी आहे, असे ९५% खात्रीने म्हणण्यासाठी २९९ नग तपासून त्यांत एकही दोष न आढळणे आवश्यक असते; ०.१% साठी हीच संख्या २,९९५ होते.

मर्यादा : लॉटची उगवण नेमकी ६५% असल्यास ४०० बियांच्या चाचणीचा निष्कर्षही सु. ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकतो. मर्यादेलगतच्या लॉटबाबत अशी चाचणी निर्णायक ठरत नाही. शिवाय नमुना यादृच्छिक नसेल, म्हणजे वरच्याच पिशव्यांतून बी काढले असेल, तर संख्या वाढवूनही लाभ होत नाही. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यांपैकी एक विक्रेत्यास व एक विश्लेषकास दिला जातो आणि एक पुढील कार्यवाहीसाठी राखून ठेवला जातो. वाद उद्भवल्यास फेरतपासणी शक्य व्हावी, हा त्यामागील उद्देश आहे.

पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० बिया ठेवून उगवण पाहण्याची घरगुती पद्धत उपयुक्त आहे. तथापि तिच्या निष्कर्षात नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. तीच चाचणी चार वेळा केल्यास तो निम्म्यावर येतो. प्रयोगशाळेत अनुकूल तापमान व ओलावा असतो, शेतात तो मिळेलच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेतील उगवण ही शेतातील उगवणीची हमी नसून बियाण्याच्या क्षमतेचा अंदाज मानली जाते.