लाकडाचा प्रकाशजन्य रंगबदल

लाकडाचा प्रकाशजन्य रंगबदल म्हणजे प्रकाशामुळे लाकडाच्या पृष्ठभागाच्या रंगात होणारा रासायनिक बदल होय. काही लाकडे उजेडात गडद होतात, तर काही फिकट पडतात. हा फरक मुख्यतः लाकडात मुळातच असलेल्या वनस्पतिजन्य संयुगांवर अवलंबून असतो.

कारणे

सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे प्रमुख घटक आहेत. त्यांपैकी लिग्निन जंबुपार (अतिनील) किरण सर्वाधिक शोषते. त्यातून निर्माण होणाऱ्या मुक्त मूलकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन क्विनोनसारखी पिवळसर संयुगे तयार होतात. त्यामुळे फिकट लाकूड कालांतराने पिवळे पडते.

अंतःकाष्ठात, म्हणजे खोडाच्या आतील भागात, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, क्विनोन इत्यादी संयुगेही साठलेली असतात. पाणी, अल्कोहोल यांसारख्या द्रावकांनी ती वेगळी काढता येत असल्याने त्यांना निष्कर्षणीय द्रव्ये म्हणतात. त्यांतील फिकट संयुगे ऑक्सिडीकरणाने गडद होतात. मात्र मुळात गडद असलेली रंगद्रव्ये प्रकाशाने विघटित होऊन रंग गमावतात.

सह्याद्रीतील लाकडे

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्यालय मेढा हे वेण्णा नदीकाठी वसले आहे. मेढ्यासह सह्याद्रीच्या परिसरात आढळणाऱ्या वृक्षांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो.

फणस: ताजे अंतःकाष्ठ पिवळे असते. त्यात मोरिन हे फ्लॅव्होनॉइड असते. उजेडात हे लाकूड तपकिरी होते.

साग: ताज्या कापावरील हिरवट छटा व असमान पट्टे उजेडात कमी होऊन रंग सोनेरी-तपकिरी होतो.

शिसव: जांभळट-तपकिरी अंतःकाष्ठ दीर्घकाळ उन्हात राहिल्यास फिकट पडते.

व्याप्ती

जंबुपार किरण लाकडात सुमारे ७५ मायक्रोमीटर, तर दृश्य प्रकाश सुमारे २०० मायक्रोमीटर खोल जातो. त्यामुळे रंधा मारल्यावर मूळ रंग पुन्हा दिसतो. परंतु नवा पृष्ठभाग उघडा पडून हीच प्रक्रिया पुन्हा सुरू होते. उघड्यावरील लाकडात विघटित लिग्निन पावसाने धुऊन जाते आणि पृष्ठभाग करडा होतो.

जतन

जुन्या वाड्यांचे खांब, तुळया व दारे दुरुस्त करताना नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळवल्यास काही काळाने तो पुन्हा वेगळा दिसू शकतो, कारण नवे लाकूड पुढेही बदलत राहते. रंधा मारून जुना रंग काढल्यास मूळ कोरीवकाम व हत्यारांच्या खुणा कायमच्या नष्ट होतात. साधे पारदर्शक व्हार्निश हा बदल पूर्णपणे रोखत नाही. थेट ऊन टाळणे, जंबुपार किरण अडवणारी काच बसवणे किंवा असे किरण शोषणारे लेप वापरणे या उपायांनी बदलाचा वेग कमी करता येतो.