कंपाची वेळ आणि कंपाची जागा: माळव्यातून पाहिलेली भूकंपविद्येची कुळकथा

‘भूकंप’ हा शब्द मराठीने संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि त्याच्या शेजारी ‘धरणीकंप’ हा अधिक घरगुती शब्द बोलण्यात ठेवला. या दोन्ही शब्दांत थरथर कोणाला सुटली एवढेच सांगितलेले आहे, ती कोणी सोडली याविषयी ते मौन बाळगतात. हे मौन भरून काढण्याचा जो दीर्घ प्रयत्न झाला तीच भूकंपविद्येची कुळकथा होय, आणि तिचे भारतातील एक जुने व महत्त्वाचे पान इंदूरपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या उज्जैनच्या परिसरात लिहिले गेले. अवंती देशाचा ज्योतिषी वराहमिहिर इसवी सनाच्या सहाव्या शतकातला; आपल्या गणिताचा आरंभबिंदू म्हणून त्याने शके ४२७, म्हणजे इसवी सन ५०५ हे वर्ष घेतले होते. त्याच्या ‘बृहत्संहिते’चा बत्तिसावा अध्याय भूकंपाच्या लक्षणांना वाहिलेला आहे. वराहमिहिराने स्वतः उल्लेखिलेले कापित्थक हे गाव म्हणजे उज्जैनजवळचे कायथा असे अनेक अभ्यासक मानतात.

या अध्यायाची मांडणी आजच्या वाचकालाही विचारात पाडणारी आहे, कारण आपले मत सांगण्याआधी ग्रंथकार इतरांची मते नोंदवतो. समुद्राच्या पोटात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांच्या हालचालीने भूमी कापते असे काही म्हणतात. पृथ्वीच्या भाराने शिणलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा कंप होतो असे दुसरे म्हणतात. वाऱ्यावर वारा आदळून तो मोठा आवाज करीत जमिनीवर कोसळतो म्हणून हे घडते असे तिसऱ्यांचे मत आहे. आणि लोकांच्या पापपुण्यातून उपजलेल्या ‘अदृष्टा’कडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्मफलाकडे, चौथे बोट दाखवतात. त्यानंतर पंख असलेल्या पर्वतांची कथा येते: त्यांच्या उड्डाणांनी व उतरण्यांनी हैराण झालेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणे नेते, इंद्र पर्वतांचे पंख छाटतो, आणि यापुढे वायू, अग्नी, इंद्र व वरुण हे चौघेच शुभाशुभ फळ सुचवण्यासाठी तिला हलवतील अशी व्यवस्था लागते. दिवसाचे व रात्रीचे चार भाग आणि अठ्ठावीस नक्षत्रे या चार देवतांच्या ‘मंडळां’त, म्हणजे गटांत, वाटून दिलेली आहेत, कंप कोणत्या प्रहरी व कोणत्या नक्षत्रावर झाला हे ठाऊक झाले की तो कोणाचा आणि त्याचे फळ कोणाच्या वाट्याला येणार हे काढता येई.

या पद्धतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यात मोठा अन्याय आहे. तिसऱ्या, चौथ्या वा सातव्या दिवशी, पंधरवड्याने, महिन्याने किंवा तीन पंधरवड्यांनी पुन्हा कंप झाला तर काय समजावे याचा विचार याच अध्यायात केलेला आहे. मोठ्या धक्क्यानंतर दिवस, आठवडे, महिने लहान धक्के येत राहतात, ज्यांना आज ‘पश्चात धक्के’ म्हणतात, ती गोष्ट त्या काळच्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटली नव्हती हे यातून उघड होते. निरीक्षण खरे होते. प्रश्न मात्र ‘हे कशाची सूचना देते’ असा होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला कंपाची वेळ पुरेशी होती, जागा लागत नव्हती. भूकंपविद्येच्या पुढच्या साऱ्या प्रवासाचे मर्म या एका फरकात आहे: जमीन केव्हा हलली यावरून लक्ष हळूहळू ती कोठे, किती खोल आणि कोणत्या दिशेला सरकली याकडे वळले.

हे वळण भारतात ज्या घटनेने दृश्य केले ती १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये घडली. त्या भूकंपात रणातील सपाट जमिनीचा एक लांबच लांब पट्टा काही मीटर वर उचलला गेला आणि सिंधूच्या एका जुन्या प्रवाहाच्या वाटेत आडवा बांध उभा राहिला. माणसांनी घातलेल्या बांधांपासून त्याचा वेगळेपणा कळावा म्हणून स्थानिक लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले, आणि या नावातच निरीक्षणाची अचूकता आहे. भूकंपाने जमीन केवळ थरथरत नाही, ती कायमची जागा बदलते, याचा इतका ठळक पुरावा तोवर क्वचितच नोंदला गेला होता, म्हणूनच चार्ल्स लायलने आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात त्याला स्थान दिले.

पुढची मजल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील एका पितापुत्रांनी मारली. थॉमस ओल्डहॅम यांनी भारतातील ज्ञात भूकंपांची जी सूची तयार केली होती ती त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी प्रसिद्ध केली. १२ जून १८९७ च्या आसामातील महाभूकंपाचा अभ्यास रिचर्ड यांच्याकडे आला, आणि त्या भूकंपाच्या दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासताना त्यांना एकाच धक्क्याच्या तीन वेगळ्या लहरी ओळखता आल्या. पहिली, खडकाला दाबत व सैल करत पुढे जाणारी ‘प्राथमिक’ लहर सर्वांत वेगवान. दुसरी, खडकाला आडवे हलवणारी ‘दुय्यम’ लहर तिच्यामागून येणारी. तिसरी, भूपृष्ठालगत रेंगाळत जाणारी. पहिल्या दोहोंच्या आगमनातले अंतर जितके अधिक, तितका भूकंप दूरचा. जवळच्या भूकंपांसाठी दर सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर असा ढोबळ हिशेब धरतात. जबलपूरखाली कंप झाला तर सुमारे चारशे किलोमीटरवरच्या इंदूरला या दोन लहरींत जवळपास पन्नास सेकंदांचे अंतर पडेल. किमान तीन ठिकाणांहून अशी अंतरे काढून वर्तुळे आखली की ती जिथे मिळतात तिथे ‘अपिकेंद्र’, म्हणजे कंपाच्या मूळ जागेच्या नेमके वरचे भूपृष्ठावरील स्थान, सापडते. वराहमिहिराच्या मंडळांतली वेळ अशा रीतीने भूकंपविद्येत परत आली, पण आता ती देवतेचा नव्हे, जागेचा पत्ता सांगू लागली. ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये याच लहरींच्या आधारे पृथ्वीच्या पोटातला गाभा वेगळा असल्याचे दाखवून दिले, म्हणजे जे कोणी पाहू शकत नाही तेही कंपाच्या साह्याने चाचपता येते हे सिद्ध केले.

यासाठी लागणारे यंत्र जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या जॉन मिल्न यांनी विकसित केले होते. आधार हलला तरी जडत्वामुळे टांगलेले वजन काही काळ जागीच राहू पाहते, या साध्या तत्त्वावर ‘भूकंपलेखक’ चालतो. आधार आणि वजन यांच्यातली सापेक्ष हालचाल कागदावर रेघेच्या रूपाने उमटते. मिल्न यांचे यंत्र १८९८ मध्ये कोलकात्यातील अलीपूरला आणि लगेच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत बसवण्यात आले. कुलाब्याचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली पश्चिम भारतातील कंपनोंदीची परंपरा सुरू झाली.

धक्का कोठून आला हे कळले, पण का आला हे अजून उरले होते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर सरळ रेषेतली कुंपणे व रस्ते तुटून बाजूला सरकलेले पाहून आणि आधीच्या मोजण्यांशी ताडून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये स्पष्टीकरण मांडले. जमिनीतील ‘भ्रंश’, म्हणजे ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर सरकू शकतात ती रेषा, घर्षणाने अडकून राहते. दोन्हीकडचा खडक वर्षानुवर्षे वाकत जातो, ताण साठवतो, आणि घर्षणाची मर्यादा ओलांडताच क्षणात सुटून सरळ होतो. खडक हा आपल्याला कठीण म्हणून ठाऊक असतो, पण तो वेताच्या काठीसारखा लवतो हे या सिद्धांताने पटवले. त्याला वाकवणारा हात कोणाचा, याचे उत्तर १९६० च्या दशकात भूपट्टांच्या सिद्धांताने दिले. भूकवच व त्याखालचा घट्ट थर मिळून झालेले प्रचंड तुकडे संथपणे सरकत असतात, आणि भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडच्या भूपट्टावर रेटला जातो. हिमालय त्या रेट्याचे दृश्य फळ आहे. पण रेटा केवळ हिमालयाच्या पायथ्याशी संपत नाही, त्याचा काही अंश द्वीपकल्पाच्या पोटातून जातो आणि जिथे जुनी जखम आहे तिथे साठतो.

मराठी मुलखाला हे फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून समजले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचे काळे थर सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत पसरलेले आहेत, आणि असा कातळ हलत नाही ही समजूत अभ्यासकांमध्येही घट्ट होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या धक्क्याने तिला पहिला तडा गेला. धरणाच्या साठ्याचा भार आणि भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेला भ्रंश सुटू शकतो, हे तिथल्या अनेक दशकांच्या अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर १९७० च्या भारतीय मानकाच्या नकाशातून ‘शून्य’ धोक्याचा विभाग काढून टाकण्यात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उरलेली खात्रीही संपवली, आणि २००२ च्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागही राहिला नाही.

किल्लारीनंतर द्वीपकल्पीय भारतात अद्ययावत अंकीय भूकंपलेखकांची दहा केंद्रे उभारली गेली, आणि त्यांची पहिली मोठी परीक्षा २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला झाली. या दोन भूकंपांची तुलना बोलकी आहे. किल्लारीचे मूळ दहा किलोमीटरच्याही आत होते, तर जबलपूरचे सुमारे पस्तीस किलोमीटर खोल, म्हणजे जवळजवळ भूकवचाच्या तळाशी. जबलपूरचा धक्का ऊर्जेने लहान होता, हे खरे. परंतु किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर जड माळवदे होती आणि कंप अगदी पायांखालून आला, म्हणून झोपेतल्या हजारो माणसांवर घरेच कोसळली, तर जबलपूरला मृतांची संख्या चाळिशीच्या आसपास राहिली. भूकवचाच्या तळाशी खडक सहसा तापून मऊ होतो व तुटण्याऐवजी वाहतो. नर्मदेच्या पट्ट्याखाली मात्र तो इतका दणकट आहे की त्या खोलीवरही तो तुटतो. १४ मार्च १९३८ रोजी इंदूरच्या नैऋत्येला सातपुड्यात झालेला ६.३ प्रमाणाचा भूकंपही असाच खोल, सुमारे चाळीस किलोमीटरवरचा होता.

इंदूरच्या भूगोलात ही जुनी जखम उघड्या डोळ्यांनी दिसते. शहरातल्या कान्ह आणि सरस्वती या नद्या शेजारच्या नर्मदेकडे पाठ फिरवून उत्तरेला क्षिप्रेकडे जातात, कारण माळव्याचे पठार दक्षिण कडेला उचललेले आहे. जाम घाटात ही कड अचानक संपते आणि खाली निमाड पसरते. नर्मदा ज्या ‘खचदरी’तून, म्हणजे भ्रंशांच्या मधल्या खचलेल्या पट्ट्यातून, पश्चिमेला धावते, तो सोन–नर्मदा–तापी पट्टा लाव्ह्याहून कितीतरी पुरातन आहे, लाव्ह्याने ती भेग झाकली, बुजवली नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी चारशे मीटरांहून अधिक उंचावर चढवून इंदूरला आणावे लागते, आणि ही चढण ठरवण्यात खालच्या भ्रंशांचा मोठा वाटा आहे.

झाकलेली भेग वाचण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने के. एल. कैला यांच्या पुढाकाराने या पट्ट्याला आडव्या छेदणाऱ्या रेषांवर ‘खोल भूकंपीय सर्वेक्षण’ केले. यात विवरांमध्ये सुरुंग उडवून लहानसे कृत्रिम कंप निर्माण करतात आणि खोलवरच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी रांगेने मांडलेल्या ग्राहकांवर टिपतात. यातली एक रेषा उज्जैनपासून निघून नर्मदा व तापी ओलांडत विदर्भातील महानपर्यंत जाते. भूकवच तिथे सुमारे चाळीस किलोमीटर जाड आहे आणि भ्रंशांनी त्याचे ठोकळे पाडलेले आहेत, असे चित्र त्यातून मिळाले. ज्या गावाच्या परिसरात कंपांची विभागणी नक्षत्रांवर झाली, तिथूनच ती खडकांच्या ठोकळ्यांवर करणारी रेषा निघावी, हा योगायोग असला तरी कुळकथेच्या दृष्टीने मोलाचा आहे.

या पट्ट्यातील मोठे कंप दशकांनी येतात, लहान मात्र अधूनमधून. १९९० च्या दशकात खंडवा जिल्ह्यातील पंधाना परिसरात अनेक लहान धक्क्यांची मालिका चालली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी चढत असताना बडवानी जिल्ह्यातील काही गावांनी असेच धक्के सोसले. अशा वेळी गावकऱ्यांना जमीन हलण्याच्या आधी किंवा सोबत गडगडाट ऐकू येतो, आणि तो भास नसतो. उथळ, लहान कंपांतून निघणाऱ्या प्राथमिक लहरींत मोठ्या वारंवारतेची कंपने पुष्कळ असतात; घट्ट काळा कातळ ती फारशी न शोषता वर पोहोचवतो, आणि भूपृष्ठाला भिडताच त्यांचा काही भाग हवेत ध्वनी होऊन उतरतो. वाऱ्यावर वारा आदळून आवाज करीत जमिनीवर पडतो असे जे आचार्य म्हणत होते, त्यांनी हाच आवाज ऐकला असावा. फक्त तो वरून खाली येतो असे त्यांना वाटले, आणि तो खालून वर येत होता.