द्राक्षांची वाट: दौलताबाद ते नाशिक

वाइन म्हटलं की आपली गाडी थेट नाशिकला. पण मंडळी, छत्रपती संभाजीनगरहून निघताय ना? मग आधी दौलताबादला थांबा.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे हलवली. त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया आला, असं गावात आजही अभिमानाने सांगतात. १३४२ मध्ये दिल्लीहून निघालेला इब्न बतूता पुढे इथे पोचला आणि लिहून गेला, की इथली द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात.

थाप? नसावी. आपल्या हवेत वेल थंडीत पुरता झोपत नाही. म्हणून आजही तो दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक मात्र एकच घेतात, कारण दुसरं ऐन पावसात सापडेल. बतूताच्या 'दोनदा'चं मूळ इथेच असावं, असा आपला माझा तर्क.

त्यामानाने सुलाची पहिली वाइन अगदी कालची, २००० सालची. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं.

तर बेत असा: शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी नान-खलिया, रात्री नाशिक. रविवारी वायनरी. जानेवारी ते मार्च जा, तोडणी बघायला मिळते. आणि हो, गाडी चालवणाऱ्याने फक्त द्राक्षंच खावीत!