चिक्कीचा पाक आणि नवी चूल

राजघराण्यांच्या शाखा-उपशाखा शोधण्यांत आमच्या इतिहासकारांनीं पानेंच्या पानें खर्चीं घातलीं. परंतु ज्या पदार्थांस आपण आजीपणजीपासूनचे म्हणून मिरवितों त्यांची वंशावळ विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. हा विचार आम्हांस सुचला तो अगदीं क्षुल्लक निमित्तानें. शेंगदाण्याची चिक्की अलीकडे कित्येक घरांत मायक्रोवेव्हमध्यें होऊं लागली आहे, आणि त्याबरोबर एक तक्रारहि ऐकूं येऊं लागली आहे: चुलीवरचा पदार्थ पेटींत शिजविला म्हणजे परंपरा बुडाली! या पेटीस सूक्ष्मतरंगांची भट्टी म्हणावें असें भाषाशुद्धीचे कैवारी सुचवितील. पण ज्या घरांत ती आहे तेथें तिला मायक्रोवेव्हच म्हणतात, तेव्हां आम्हीहि तसेंच म्हणूं. प्रश्न शब्दाचा नाहीं. चिक्कींत जुनें काय आणि नवें काय, हें ठरविल्याशिवाय तक्रारीचा निवाडा करतां येत नाहीं, आणि तो करण्यास पैठणासारखें ठिकाण नाहीं. या गांवाची नोंद सुमारें दोन हजार वर्षांची आहे. शिवाय वारकऱ्यांचें क्षेत्र म्हणून उपवासाच्या फराळाची कदर जितकी येथें तितकी थोड्याच गांवीं असेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेला 'पेरिप्लस' नांवाचा समुद्रमार्गाचा ग्रंथ आहे. त्यांत पैठण हें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगून, तेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्या भरभरून भडोच बंदरास जात, असें म्हटलें आहे. सातवाहनांच्या राजधानीचा हा उल्लेख आमच्या वाचकांस परिचित असेल. परंतु त्याच ग्रंथांत आरंभीं एक निराळी यादी आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. भडोच व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो माल जाई त्यांत गहूं, तांदूळ, तूप, कापड यांबरोबर तिळाचें तेल आहे, आणि वेतापासून निघणारा 'साखरी' नांवाचा मधहि आहे. वेत म्हणजे ऊंस, आणि साखरी म्हणजे आमची शर्करा. हा ऊंस पैठणच्या मळ्यांतला होता असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि आम्ही तसें म्हणतहि नाहीं. इतकें मात्र खरें कीं, ज्या बंदरांत पैठणच्या गाड्या रिकाम्या होत त्याच बंदराच्या मालांत तीळ आणि उंसाचा रस दोन्ही होते. संक्रांतीच्या वडीचें सामान त्या काळींच जहाजांत चढलेलें होतें!

उंसाच्या रसावर आमच्या पूर्वजांनीं किती बारकाईनें विचार केला होता तें कौटिलीय अर्थशास्त्रांतील कोठाराच्या प्रकरणावरून समजतें. फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे पांच पदार्थ तेथें एका वर्गांत घातले आहेत. काकवीपासून साखरेपर्यंत पाकाच्या ह्या पायऱ्याच होत. यांतील 'शर्करा' पश्चिमेकडे जाऊन निरनिराळ्या रूपांनीं युरोपच्या सर्व भाषांत शिरली, आणि 'खण्ड' अरबांच्या मुखांतून जाऊन इंग्रजांची 'कँडी' झाली. अमेरिकेंत शेंगदाणे घातलेल्या ज्या ठिसूळ साखरवडीस 'ब्रिटल' म्हणतात तिचें अर्धें भांडवल असें इकडून गेलेलें आहे. उरलेलें अर्धें तिकडून इकडे आलें. त्याची कथा अधिक मौजेची आहे.

चक्रधरस्वामी तेराव्या शतकांत पैठणास राहिले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटानें 'लीळाचरित्रांत' गोळा केल्या, आणि त्या काळचें खाणेंपिणें पाहूं इच्छिणारास त्या ग्रंथाइतकें साधन दुसरें क्वचितच असेल. त्यांत शेंगदाणा शोधणें मात्र व्यर्थ आहे. कारण त्या वेळीं हें पीक महासागरापलीकडे होतें. भुईमुगाचें मूळ स्थान दक्षिण अमेरिका. त्याचें फूल जमिनीवर उमलतें, मग त्याच्या आऱ्या खालीं वळून मातींत शिरतात आणि शेंग अंधारांत धरते. पेरू देशांत सिपान येथें १९८७ सालीं मोचे लोकांच्या एका अधिपतीची समाधि उकरण्यांत आली, तींत सोन्याचांदीच्या शेंगांची माळ निघाली. ही माळ साधारण तिसऱ्या शतकांतील, म्हणजे पैठणचे सातवाहन मावळत होते त्या सुमाराची. इकडे ज्या वस्तूचें नांवहि ठाऊक नव्हतें तिचे दागिने तिकडे राजे घालीत होते.

पोर्तुगीजांनीं १५१० त गोवा घेतलें, आणि एकनाथमहाराज १५३३ च्या सुमारास पैठणास जन्मले. सोळाव्या शतकांत केव्हां तरी भुईमूग युरोपीय गलबतांतून आशियांत उतरला. तो कोणत्या वाटेनें आला याविषयीं पंडितांत एकवाक्यता नाहीं. परंतु आमच्या भाषांनीं जी साक्ष दिली आहे ती मजेदार आहे. बंगाली माणूस त्यास चिनाबादाम म्हणतो. तमिळांत एक नांव मनिलाकोट्टै असें असून त्यांत फिलिपाइन्समधील मनिला शहर सरळ दिसतें. म्हणजे पूर्वेकडून आल्याची आठवण या दोन नांवांत राहिली आहे. मराठी माणसानें मात्र वाटेची चौकशी केली नाहीं. त्यानें शेंग उपटून पाहिली, ती भुईंत सांपडली, म्हणून भुईमूग म्हटलें आणि तो मोकळा झाला. परदेशी वस्तूस घरचें नांव दिलें म्हणजे ती दोन पिढ्यांत घरची होते. पुढें एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील मार्सेय येथील तेलाच्या व साबणाच्या कारखान्यांनीं पांडिचेरीकडून शेंगा मागविण्यास आरंभ केला, आणि दक्षिण हिंदुस्थानांत या पिकाचें क्षेत्र वाढत गेलें. पण तो व्यापाराचा इतिहास येथें नको.

आतां उपवासाकडे वळूं. मूग एकादशीस चालत नाहीं, हें पैठणांतील पोरासहि ठाऊक आहे. पण ज्याच्या नांवांतच मूग आहे तो भुईमूग चालतो! वनस्पतिशास्त्र तर स्पष्ट सांगतें कीं, तो कडधान्यांच्याच कुळांतला. आमच्या मतें याचें कारण असें कीं, निषिद्ध धान्यांची गणना झाली तेव्हां हा गृहस्थ देशांत नव्हता. ज्याचें नांव यादींत नाहीं त्यास द्वारपाल अडवीत नाहीं. बटाटा आणि साबुदाणा हे त्याचेच सोबती. त्याच फटींतून आंत आले, आणि आज तिघेहि इतके सोवळे झाले आहेत कीं त्यांच्यावांचून फराळाचें ताट मांडतां येत नाहीं. फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांच्या समाधीच्या दर्शनास दिंड्या पैठणास लोटतात. त्यांतील एखाद्या वारकऱ्याच्या पडशींत एकादशीसाठीं ठेवलेला चिक्कीचा तुकडा असला तर त्यांतला गूळ अर्थशास्त्राइतका जुना आहे, आणि दाणा नाथांच्या पंक्तीस बहुधा कधीं वाढला गेला नसेल.

चिक्की म्हटली कीं लोणावळ्याचें नांव निघावयाचेंच. बोरघाटांतून आगगाडी १८६३ त सुरू झाली, आणि घाटांतील मजुरांसाठीं केलेल्या गूळदाण्यापासून तेथील धंदा वाढला असें तेथें सांगतात. गाडी थांबे आणि चिक्की विकली जाई, एवढ्यानेंच ती मुंबई-पुण्यास घरोघर पोंचली. परंतु दुकानाची चिक्की आणि घरची चिक्की हे दोन निराळे विषय आहेत. दुकानांत रोजच्या सरावाचा कारागीर असतो. घरांत वर्षांतून चार वेळां कढई चढविणारी गृहिणी असते. तिच्याजवळ काय असतें? तिच्याजवळ पाकाची ओळख असते, आणि आमच्या मतें चिक्कींतील खरी जुनी वस्तु ती हीच.

हा पाक म्हणजे काय तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. गूळ तुपाच्या बोटावर वितळला म्हणजे त्यांतील पाणी उडूं लागतें, आणि जसजसें पाणी कमी होतें तसतशी त्याची उष्णता चढते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हीं नांवें आपल्याकडे उष्णतामापकाचें काम शतकानुशतकें करीत आलीं आहेत. लाडवास गोळीबंद पाक पुरतो. तो सुमारें ११५ अंशांच्या आसपास होतो. चिक्कीस त्याहून पुष्कळ पुढें, दीडशें अंशांच्या जवळ जावें लागतें. तेथें पोंचल्याची खूण अशी कीं, गार पाण्याच्या वाटींत थेंब टाकावा. तो ताबडतोब टणक व्हावा, वाटीवर आपटला असतां वाजावा, आणि दांताखालीं न चिकटतां कट्‌कन तुटावा. थोडें अलीकडे थांबलें तर चिक्की दांतांस ओढते. थोडें पलीकडे गेलें तर कडवट होते. मधली वेळ अर्ध्या मिनिटाहून फारशी मोठी नसते. कढईजवळ उभी असलेली बाई फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, वास आणि उलथन्यास लागणारा जोर ह्या चार साक्षी एकदम तपासते. हें ज्ञान कोणी लिहून ठेवलें नाहीं. तें आईच्या शेजारीं उभें राहून मिळालें. तें नाहींसें झालें तर मात्र तक्रार करणारांस आम्ही सामील होऊं.

मायक्रोवेव्हचा जन्म युद्धांतला. शत्रूचीं विमानें हुडकणाऱ्या रडारसाठीं ज्या मॅग्नेट्रॉन नळ्या बनत त्यांवर काम करतांना पर्सी स्पेन्सर नांवाच्या अमेरिकन कारागिराच्या खिशांतील गोड वडी वितळली, आणि त्यावरून १९४५ त त्यास ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. १९४७ चें पहिलें यंत्र माणसाच्या उंचीचें आणि तीनशें किलोंहून जड होतें. घरांतील ओट्यावर मावेल असें यंत्र १९६७ त निघालें. यांत ज्वाला नसते. तरंग पदार्थांतील पाण्याच्या कणांस हालवून ऊब उत्पन्न करितात. अमेरिकेंत याच पेटींत ब्रिटल करण्याची रीत आहे. साखर फिरून दाणेदार होऊं नये म्हणून तेथें तींत मक्याचा द्रव घालतात, आणि शेवटीं खाण्याचा सोडा टाकून ती फुगवितात. आमच्या गुळांत ही दाणेदारपणा रोखणारी साखर मूळचीच असते, म्हणून चिक्कीस मक्याचें साहाय्य लागत नाहीं. बाजारांत 'चिक्कीचा गूळ' निराळा मिळतो तो चिकटपणासाठींच. सोड्याची चिमूट कोणी घालतात, कोणी घालीत नाहींत. आम्हांस ती नसलेली बरी वाटते. चिक्कीचा कांचेसारखा तकतकीतपणा सोड्यानें जातो.

या पेटीचा एकच दोष चिक्कीच्या कामीं खरोखर जाचतो: ती दार लावून घेते. फेसाचा रंग कांचेआडून नीट दिसत नाहीं, वास उशिरां येतो, उलथन्यास जोर कळत नाहीं. चार साक्षींपैकीं एकहि धड मिळत नाहीं, आणि त्यांच्या जागीं मिनिटांचा आंकडा येऊन बसतो. आंकडा एका यंत्राचा दुसऱ्यास लागू पडत नाहीं. आठशें वॅटच्या पेटींत कच्चा राहिलेला पाक हजार वॅटच्या पेटींत तितक्याच वेळांत जळतो. पाणी सरत आलें म्हणजे उष्णता झपाट्यानें चढते, आणि भांडें बाहेर काढल्यावरहि पाक कांहीं क्षण पुढें जातच राहतो.

आमचा निवाडा असा कीं, ज्या घरानें पेरूचा दाणा सोवळा करून घेतला त्यानें रडारच्या चुलीचा विटाळ मानण्याचें कारण नाहीं. फक्त पाण्याची वाटी सोडूं नये. दाणे आधीं भाजून, सालें पाखडून, दुफळे करून ठेवावे. वाटीभर चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप जाड कांचेच्या खोल भांड्यांत घालावें. प्लास्टिक ह्या उष्णतेस टिकत नाहीं. गूळ वितळेपर्यंत एक-दीड मिनिट, आणि पुढें दर अर्ध्या मिनिटास दार उघडून, ढवळून, थेंब पाण्यांत टाकून पाहावा. गोळी वाजली कीं वाटीभर दाणे घालून तुपाच्या हातानें पुसलेल्या पोळपाटावर ओतावें, लाटणें फिरवावें आणि गरम आहे तोंच कापावें. माघ-फाल्गुनांत पैठणची हवा कोरडी असते, तेव्हां ती उघड्या ताटांतहि कुरकुरीत राहते. श्रावणांत उपवास अधिक आणि हवाहि दमट. त्या दिवसांत ती निवतांच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी लागते.