जवसाचे तेल आणि सुताराचा हात

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे विश्वकर्म्याचे पाच पुत्र, गोत्रे, कुलदेवता आणि पूर्वजांची स्थलांतरे यांचीच चर्चा बहुधा होते. ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु ज्या हत्यारांनी व ज्या द्रव्यांनी आपल्या वाडवडिलांनी अन्न मिळविले, त्यांचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. वाकस, पटाशी, रंधा यांची निदान दसऱ्याला पूजा तरी होते. रंध्याने साफ केलेल्या लाकडाला शेवटचा हात ज्याने द्यावयाचा, त्या तेलाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या तेलाची कुळकथा सांगून, आज ते निवडताना व मिळविताना काय ध्यानात ठेवावे याचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम एक मूलभूत भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्व तेले लाकडात मुरतात, परंतु सर्व तेले सुकत नाहीत. पाणी सुकते तसे तेल उडून जात नाही. जवसासारखे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ द्रवाचे चिवट पटल बनते. इतकेच नव्हे, तर सुकताना असे तेल प्रथम वजनाने वाढते. हा गुण मोजण्यासाठी १८८४ साली ह्यूब्ल या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने आयोडीन अंकाची रीत घालून दिली. स्थूलमानाने हा अंक १३० च्या वर असलेली तेले सुकणारी मानतात. जवसाचा अंक साधारणतः १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, तिळाचा ११० च्या जवळपास, शेंगदाण्याचा १०० च्या आत आणि खोबरेलाचा तर अवघा १० च्या आगेमागे असतो. आपल्या अनेक घरांत सणापूर्वी देव्हाऱ्याला किंवा चौरंगाला खोबरेलाचा हात देण्याची चाल आहे. त्या दिवशी लाकूड उजळते. तथापि ते तेल कधीच सुकत नसल्याने त्यावर धूळ बसते आणि काही वर्षांत कोरीव कामाच्या खाचा काळ्या किटणाने भरून जातात. हेतू चांगला, परंतु तेल चुकीचे, असे हे उदाहरण आहे.

सुकणाऱ्या तेलांचे ज्ञान पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आले, असा एक समज आहे. अफगाणिस्तानातील बामियान येथील बौद्ध गुंफांतील चित्रांचे परीक्षण २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सातव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या काही चित्रांत अक्रोड किंवा खसखस यांच्यासारख्या सुकणाऱ्या तेलांचा उपयोग केल्याचे आढळले. युरोपात थिओफिलस नामक साधूने बाराव्या शतकात आपल्या ग्रंथात जवसाच्या तेलात राळ शिजवून वार्निश करण्याची कृती दिली आहे. ती याच्या कित्येक शतके नंतरची होय. आपल्या वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आहे. तीत राळ, गुग्गुळ, बिब्बा यांच्या जोडीला अतसी, म्हणजे जवस, सांगितले आहे. हा लेप प्रासाद, मूर्ती व भिंती यांसाठी होता. त्यावरून सुताराच्या तेलाचा थेट पुरावा मिळतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु या द्रव्यांची ओळख आपल्या शिल्पिवर्गाला फार जुनी आहे, एवढे निश्चित म्हणता येते. अतसीचीच अळशी झाली. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात अळशी आणि विदर्भात जवस, एकाच बियाण्याची ही दोन नावे होत.

काष्ठतेलाची खरी परीक्षा समुद्रावर होई. ग्रोस नावाच्या इंग्रज प्रवाशाने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात सुरतेच्या जहाजांच्या टिकाऊपणाची मोठी वाखाणणी केली आहे. जहाजांच्या तळाला वेळोवेळी एक ‘लाकडाचे तेल’ चोळून जिरवितात व त्यामुळे फळ्या कुजत नाहीत, असे त्याने नोंदविले आहे. याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि मुंबईच्या गोदीची कीर्ती जगभर झाली. त्या गोदीत सागवानातून बांधलेले व १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. जहाजांची कीर्ती मालकांच्या नावे राहिली. परंतु फळीला फळी बसविणारे आणि तेल चोळणारे हात सुतारांचे होते, याचा विसर पडू नये.

या ‘लाकडाच्या तेला’च्या नावाने मात्र पुढे मोठा घोटाळा केला. हिंदुस्थानच्या व्यापारात हे नाव गर्जन वृक्षाच्या खोडातून निघणाऱ्या राळयुक्त द्रवाला असे. चीनच्या व्यापारात तेच नाव तुंग नावाच्या झाडाच्या बियांतून काढलेल्या तेलाला असे. दोन्ही वस्तू सर्वस्वी भिन्न आहेत. तुंगतेल जवसापेक्षाही पाण्याला अधिक दाद न देणारे असून चिनी नौका शतकानुशतके त्यानेच रक्षिल्या गेल्या. त्याचे मोल इतके, की जपानशी युद्ध चालू असता १९३८ साली चीनने अमेरिकेकडून मिळविलेल्या अडीच कोटी डॉलर्सच्या कर्जाची फेड तुंगतेलाच्या निर्यातीतून करावयाची ठरली होती. आपल्या कोकणातील नाखवे व सुतार आपल्या परिसरातील द्रव्ये वापरीत. उंडीचे तेल, माशांचे तेल, तेलात खलविलेली राळ आणि काजूच्या टरफलाचे तेल ही त्यांतील प्रमुख होत. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. त्याच्या टरफलाचे तेल बिब्ब्याप्रमाणेच अंगावर उतते. म्हणून ते होडीच्या तळाला उत्तम असले, तरी पाळण्याला वा पाटाला कदापि लावू नये.

देशावर व विदर्भात राज्य होते ते करडई आणि जवस यांचे. येथे एक मनोहर साखळी दृष्टीस पडते. तेल्याचा लाकडी घाणा घडवावयाचा सुताराने. त्याची लाट झिजली की बदलावयाची तीही सुतारानेच. त्याच घाण्यातून उतरलेले तेल पुन्हा सुताराच्या कामावर चढावयाचे. गावगाड्यातील दोन व्यवसाय परस्परांच्या आधाराने उभे होते. पुढे काळ पालटला. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धामुळे इंग्लंडला रशियाचे जवस मिळेनासे झाले आणि हिंदी जवसाला मागणी वाढली. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. वऱ्हाड-नागपूरकडील जवस मुंबई बंदरातून परदेशी जाऊ लागले. तेल नव्हे, बी जाई. कारण तेलाबरोबर पेंडही त्या देशाला हवी होती. अशा रीतीने बी आमचे आणि घाणीचा रोजगार परक्यांचा, असा व्यवहार झाला. १९३४ साली महात्मा गांधींनी वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापिला, तेव्हा सुधारलेल्या बैलघाणीचे प्रयोग तेथे हाती घेण्यात आले, त्यामागे हीच वेदना होती.

विसाव्या शतकात स्पिरिट-लाखेचे पॉलिश, मागाहून सेल्युलोजची लॅकर आणि त्यानंतर पॉलियुरेथेन यांनी तेलाला मागे सारले. हे सर्वच वाईट झाले असे नाही. जेवणाच्या मेजावर सांडलेल्या गरम पातेल्यातील पाण्याला पॉलियुरेथेन जेवढे तोंड देते, तेवढे तेल देत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्या कडक पटलाला एकदा तडा गेला की सारे खरवडून काढावे लागते. तेलाच्या कामास मात्र पुसून नवा हात दिला की पुरते. दुरुस्ती घरच्या घरी होते, ही तेलाची खरी थोरवी होय.

आता निवडीविषयी. शिसवी व सागवान यांत अंगचीच द्रव्ये असतात व ती तेलाचे सुकणे लांबवितात. म्हणून अशा लाकडाचा पृष्ठभाग प्रथम टर्पेंटाईनने किंवा स्पिरिटने पुसून वाळवावा आणि मग पातळ हात द्यावा. जवसाचे तेल कालांतराने पिवळसर होते, विशेषतः अंधाऱ्या जागी. तेव्हा फिकट लाकडास करडईचे बरे. मात्र आज बाजारात करडईचा एक नवा प्रकारही मिळतो. त्यातील ओलेइक आम्ल वाढविलेले असते. तो खाण्यास चांगला, पण लाकडावर सुकत नाही. पोळपाट, लाटणे, काथवट अशा अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंना खाण्यायोग्य, घाणीचे, काहीही न मिसळलेले जवसाचे तेलच लावावे. ‘उकळलेले तेल’ म्हणून जे विकतात त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. पूर्वी त्यासाठी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मे, शिजवीत. शिसे बालकांच्या मेंदूस घातक असल्याने भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. जुन्या चोपडीत सापडलेली मुरदाडशिंगाची कृती आदराने जपावी, परंतु ती करू नये.

तेल विकत घेताना डब्यावरच्या चित्राला भुलू नये. ‘टीक ऑईल’ हे सागाचे तेल नव्हे. ते बहुधा जवस किंवा तुंग, वार्निश आणि पातळक यांचे मिश्रण असते. विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावेत : बी कोणते, गाळले कसे, आणि त्यात मिसळले काय? उत्तर न मिळाल्यास काचेच्या तुकड्यावर तेलाचा अगदी पातळ थर पसरून उजेडाच्या व हवेशीर जागी ठेवावा. शुद्ध कच्चे जवस आठवडाभराच्या आगेमागे बोटाला चिकटेनासे होते. पंधरवडा लोटूनही ते ओलेच राहिले, तर त्यात भेसळ आहे किंवा ते तेलच निराळे आहे, असे समजावे. गावी वा शहरात घाणीवाला असेल तर त्याच्याकडूनच ताजे तेल घ्यावे. बाटली काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आतील हवेने ते आधीच घट्ट होत नाही. लावताना थर पातळ असावा, अर्ध्या घटकेने उरलेले तेल पुसून काढावे आणि पहिला हात पूर्ण सुकल्याखेरीज दुसरा देऊ नये.

शेवटी एक सूचना, जी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांच्या कानी घालावी. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि बाहेरची ठिणगी नसताना चिंध्या पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ३८ मजली इमारतीत लाकूडकामासाठी वापरलेल्या अशाच चिंध्यांनी आग लागली. ती बावीसाव्या मजल्यापासून तिसाव्यापर्यंत पोहोचली आणि तीन अग्निशामक जवान प्राणास मुकले. तेथे असे होते, तर भुश्याने व सोलपटांनी भरलेल्या आपल्या कारखान्यांत काय होईल? वापरलेल्या चिंध्या एकेक सुट्या करून बाहेर दोरीवर वाळवाव्या किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्या.

आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज अन्य व्यवसायांत आहेत आणि ज्यांच्या हाती रंधा आहे त्यांनाही डब्यावरील नावापलीकडचे सांगणारे कोणी उरलेले नाही. वृद्धांच्या स्मरणात मात्र कोणत्या लाकडाला कोणते तेल, कोणत्या ऋतूत आणि कितीदा, हे अजून जिवंत आहे. ती माणसे आहेत तोवर प्रत्येक कुटुंबाने ही माहिती गाव, बियाण्याचे नाव व रीत यांसह लिहून संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवावी, अशी नम्र विनंती आहे. अशी टिपणे पुढील अंकांत छापता आली आणि चार-सहा कारखानदार बंधूंनी एकत्र येऊन एखाद्या घाणीवाल्याकडून शुद्ध जवसाचे तेल घेण्याची व्यवस्था केली, तर घाणा आणि रंधा यांचे तुटलेले नाते पुन्हा जुळेल व पूर्वजांच्या विद्येचा काही अंश तरी पुढील पिढीच्या हाती लागेल.